तंबूत किंवा बंद खोलीत रॉकेलचा कंदील रात्रभर तेवत ठेवला तर चालेल का?

बंद तंबूत कंदील मुळीच लावू नये, आणि वीज गेल्यावर घरात लावायचा झाल्यास समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवून, घरातले कोणी जागे असेपर्यंतच लावावा. हवा कमी पडली की रॉकेल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग असतो ना वास, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटत असल्यामुळे झोपलेल्या माणसाला धोका कळतही नाही. डोके जड झाले किंवा मळमळू लागले, तर सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. काचेवर काजळी धरू लागल्यास वात खाली घ्यावी आणि कंदील विझवल्यावर तिचे जळके टोक सरळ कापावे. मात्र काच स्वच्छ आहे म्हणून वायू नाहीच, असे समजू नये. रॉकेल भरण्यापूर्वी कंदील पूर्ण थंड होऊ द्यावा. रॉकेल मिळाले नाही म्हणून त्यात पेट्रोल तर कधीच घालू नये, कारण रॉकेलची वाफ साधारण 38 अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेते, तर पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेटते. गडावर उघड्यावर किंवा घराच्या पडवीत कंदील वापरायला हरकत नाही, फक्त उन्हाळ्यात तो वाळल्या गवतावर न ठेवता सपाट दगडावर ठेवावा.