तंगूस कापतं कोण?

प्रश्न : रेवदंड्याच्या खाडीत मी हौसेने गळ टाकतो. पावसाळा संपल्यापासून तीनदा जिताडा लागला आणि तिन्ही वेळा तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) तोडून गेला. 30 पौंडी तंगूस थेट गळाला बांधतो, आमिषाला जिवंत बोय मासा. जिताड्याला दात नसतात असं कोळी सांगतात, मग कापतं काय? स्टीलची तार लावू का?
— एक वाचक, चौल

उत्तर : तार नको. कोळी खरं तेच सांगतायत. जिताड्याच्या जबड्यावरून बोट फिरवलंत तर नुसती पॉलिश पेपरची खरखर लागते. सुरी आहे ती बाहेर, गालावर. कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार, खालच्या बाजूला करवतीचे दाते आणि कोपऱ्यात एक काटा.

मला हे कळलं धरमतर खाडीकाठच्या एका उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर. चार किलोचा लागला. बाजारात मासा उचलतात तशी कल्ल्यात बोटं घातली आणि त्याने एकच झटका दिला. अंगठ्याला पाच टाके पडले. घरी आलो तर आईने आधी माशाचं वजन विचारलं.

तुटलेल्या तंगुसाचं टोक ठेवलं असेल तर उजेडात धरा. सुरीने छाटल्यासारखं दिसलं तर काम गालाचं. दोन-चार इंचांपर्यंत खरवडलेलं असेल तर खांबाला, नाहीतर कालवांना घासलाय. आणि डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं असेल तर बिचाऱ्या माशाला बोल लावू नका, तुमची गाठ सुटली! गाठ आवळताना थुंकी लावा. कोरडा तंगूस घासून तापतो आणि नेमका तिथेच कच्चा होतो.

उपाय साधा आहे. गळाच्या मागे दोन हात 60 पौंडी जाड तंगूस जोडा आणि दर माशानंतर तो चिमटीतून फिरवून बघा, खरखर लागली की तेवढा कापून टाका. तार ताठ असते, बोय मोकळी पोहत नाही. जिताडा काही चावून तुकडा तोडत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. रात्री उघाडीवर तो 'डुबुक्' आवाज ऐकलाय ना? तोच. अवघडल्यासारखी पोहणारी बोय तो नुसती बघत बसेल.

उडी मारली की दांडीचं टोक त्याच्याकडे खाली न्या. तो हवेत डोकं झटकत असताना ताणून धरलंत तर गळ तरी निसटेल, नाहीतर तंगूस तरी जाईल. हे वाचून येत नाही, दोन-तीन गमावावेच लागतात. तुमचे तीन झालेत.

आणि भर खाडीत लांब फेकत असाल तर ते सोडा. ओहोटी लागली की खाजणातलं पाणी उघाडीतून बाहेर पडतं, सोबत कोळंबी आणि बारीक बोय. जिताडा धारेच्या कडेला, संथ पाण्यात तोंड उघाडीकडे करून उभा असतो. पहिले दोन तास तिथे बसा. दगडांवर शेवाळ असतं, चपला घालून उड्या मारू नका.

प्रश्न : माझा भाचा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला असतो. तिथे म्हणे 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा जिताडा लागला तर परत सोडावा लागतो. लहान सोडतात हे समजलं, मोठा का?
— एक वाचक, पेण

उत्तर : तिथे त्याला बारामुंडी म्हणतात, मासा तोच, गोव्याचा चोणक आणि बंगाल्यांची भेटकी. 58 सेंटिमीटरच्या आतला ठेवायचा नाही आणि 120 च्या वरचाही नाही. कारण जिताडा वयात येतो तो नर म्हणून आणि मोठेपणी मादी होतो. म्हणजे ते धूड बहुधा लाखो अंडी देणारी बाई असते.

आपल्या खाडीत एवढा लागला तर सोडाल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, ते बरं झालं. मला तेवढा अजून लागलेला नाही.