‘चिकलिट’च्या कपाटावर मराठीत काय लिहायचं?

परभणीच्या एका वाचनालयातल्या ताईंनी विचारलंय: नोकरी करणाऱ्या, शहरात एकट्या राहणाऱ्या मुलींच्या हलक्याफुलक्या प्रेमाच्या कादंबऱ्यांना आता वेगळं कपाट द्यायचंय. इंग्रजीत त्यांना ‘चिकलिट’ नाहीतर ‘रॉमकॉम’ म्हणतात. पाटीवर मराठीत काय लिहावं? समितीतल्या एका सरांनी ‘प्रणयसुखात्मिका’ सुचवलंय.

ताई, ‘चिकलिट’ तर नकोच. चिक म्हणजे पिल्लू, आणि इंग्रजी टपोरी बोलीत तरुण मुलगी. आपल्याकडे बसस्टँडवरची टवाळ पोरं ‘पाखरू’ म्हणतात ना, तोच शब्द, त्याच नजरेसकट. 1995 साली क्रिस मॅझा आणि जेफ्री डीशेल यांनी बायकांनी लिहिलेल्या कथांच्या एका संग्रहाला हे नाव दिलं, ते उपरोधानं. पुढे प्रकाशकांनी तेच नाव उचललं, उपरोध गळाला आणि विक्रीचा शिक्का तेवढा उरला. शिवाय मराठी माणसाला ‘चीक’ म्हटलं की खरवस आठवतो.

सरांच्या शब्दाला पेपर तपासल्याचा वास येतो. सुखात्मिका, शोकात्मिका हे शब्द समीक्षेत ठीक आहेत. घरी ‘एक सुखात्मिका द्या’ असं कुणी म्हणत नाही. ‘प्रणय’ची गत आणखी वाईट. संस्कृतातला तो साधा जिव्हाळा होता, सिनेमाच्या बातम्यांनी त्याचं ‘प्रणयदृश्य’ करून टाकलं. ही पाटी लावली तर बीएची पोरगी त्या कपाटाजवळ फिरकणारसुद्धा नाही. ‘विनोदी प्रेमकथा’ चाललं असतं, पण तिथं विनोद कुणाचा आणि कुणावर, हे कळत नाही. आपल्या विनोदाच्या जुन्या सवयीत बायको हा थट्टेचा विषय असते, सांगणारा नवरा असतो.

या पुस्तकांची गंमत नेमकी इथं उलटी आहे. हेलन फील्डिंग यांची ब्रिजेट जोन्स घ्या. 1995 मध्ये लंडनच्या ‘इंडिपेंडंट’मधलं सदर, 1996 मध्ये कादंबरी. ती रोज डायरीत वजन, सिगारेटी, दारूचे पेले मांडते, रोज निश्चय करते आणि रोज मोडते. तिच्या नायकाचं आडनाव डार्सी, म्हणजे थेट जेन ऑस्टिनच्या 1813 च्या कादंबरीतून घेतलेलं. गोष्ट दोनशे वर्षं मुरलेली आहे, शेवट पहिल्या पन्नास पानांत कळतो. तरी वाचणारी सोडत नाही, कारण तिला शेवट नको असतो, आवाज हवा असतो. पडले मी, हसणार पण मीच आधी, असा तो आवाज. मराठी कादंबरी 1857 च्या ‘यमुनापर्यटन’पासून विधवांचं दुःख सांगत आली, हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूनं वाचकांना रडवलं. ते गरजेचंच होतं. पण कणव करणाऱ्या वाचकाला नायिकेपासून थोडं लांब बसावं लागतं. इथं वाचणारी तिच्या शेजारी बसते.

आणि हे लंडनपुरतंही नाही. जिंतूरची मुलगी पुण्यात नोकरीला लागते, मीटिंगच्या मध्येच आईचा फोन येतो, “रविवारी पाहुणे बघायला यायलेत, गाडी पकडून ये.” पाहुण्यांसाठी सुशीला, म्हणजे आपला चुरमुऱ्यांचा नाश्ता, कुणी करायची यावरून घरात वाद, आणि ऐनवेळी पाहुण्यांतला मुलगा हिच्याच ऑफिसातला निघतो. रात्री रूमवर मैत्रिणीला ती काय सांगेल? “काय सांगू तुला, लई फजिती झाली बघ माझी.”

हा शब्द मला पाटीवर हवा आहे. फजिती मूळ अरबी ‘फजीहत’, म्हणजे बेअब्रू. मराठीत येऊन तो मवाळ झाला. बेअब्रू झालेली बाई गप्प बसते, फजिती झालेली बाई मैत्रिणीला फोन लावते. शब्द जुना आहे. तुकोबांनी मनाला ‘फजितखोर’ म्हणून झापलंय, आणि तेही कुणाच्या मागे मागे लागू नको म्हणून! प्रेमाच्या भानगडीत हा सल्ला आजही कुणी ऐकत नाही.

तेव्हा माझी सूचना: ‘प्रेमफजिती’. संस्कृत आणि अरबी एकत्र बांधल्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर ‘जिल्हाधिकारी’ दाखवा. त्यातला जिल्हा अरबी आणि अधिकारी संस्कृत. आपल्या भागात, निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठीत, असल्या जोड्यांचं कुणाला वावडं नसावं. आणि ‘कादंबरी’ हा शब्दच मुळात एका नायिकेचं नाव आहे, सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या. शेजारी कन्नडमध्येही तोच चालतो, उदगीरकडच्या वाचकांना ठाऊक असेल. म्हणजे नायिकेच्या नावानं अख्खा प्रकार ओळखला जाणं आपल्याला नवं नाही.

बोलताना ‘रॉमकॉम’ खुशाल म्हणा, कॉलेजच्या पोरी तेच म्हणणार. सगळ्याच प्रेमकथा मात्र या कपाटात ढकलू नका. जिथं नायिका स्वतःवर हसत नाही, ती ‘प्रेमकथा’तच राहू द्या, ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांतल्या नायिका इथं अवघडून जातील.

पाटी रंगवणाऱ्याला एवढं सांगा: एकच शब्द, मध्ये जागा नको, ‘जि’ ऱ्हस्व, ‘ती’ दीर्घ. आणि खाली बारीक अक्षरांत ‘अनुवादित व मराठी’ लिहून घ्या, म्हणजे दोन कपाटं लागणार नाहीत.