ब्रेसेस निघाल्यावर रिटेनर किती दिवस लावायचा?

तुम्ही विचारलंय की ब्रेसेस निघून दोन महिने झाले, दात छान ओळीत आलेत, मग दात परत सरकू नयेत म्हणून लावायचा हा रिटेनर आणखी किती दिवस? आणि मध्ये चार रात्री राहून गेला तर काय बिघडतं? मी दादरला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारी डॉक्टर आहे आणि हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकते. थेट सांगते: जोवर दात सरळ राहायला हवेत, तोवर रात्री रिटेनर लावायचा. दोन महिन्यांत तर सोडायचा विचारही मनात आणू नका.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, त्या तंतूंनी दात धरून ठेवलेला असतो. ब्रेसेसच्या जोरावर दात सरकतो तेव्हा एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि हे तंतू ताणले जातात. मुळाभोवतीच्या तंतूंना नव्या जागी रुळायला 3-4 महिने लागतात, हिरडीतल्या तंतूंना 4-6 महिने. हिरडीत काही लवचीक तंतूही असतात, ते मात्र वर्ष उलटलं तरी दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून ब्रेसेसच्या आधी वाकडा फिरलेला दात सगळ्यात आधी परत फिरतो. वरच्या पुढच्या दोन दातांमधली फटही अशीच, बंद केली तरी उघडायला बघते.

म्हणजे तुमचा आत्ताचा काळ सगळ्यात नाजूक आहे. सुरुवातीचे काही महिने साधारणपणे जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र रिटेनर लावायला सांगतात, मग फक्त रात्री. कधी कमी करायचं हे तुमच्या डॉक्टरांनी तुमचे दात बघून ठरवायचं. चार रात्री राहिल्या तर पाचव्या दिवशी लावून बघा. थोडा घट्ट वाटला पण पूर्ण बसला, तर काही दिवस जास्त वेळ लावा. कडेला फट राहत असेल, तर दाबून बसवू नका, लगेच फोन करा. आठवड्याभरात आलात तर बहुतेकदा सोपा उपाय निघतो. चार महिन्यांनी आलात तर कधी कधी पुन्हा ब्रेसेसचीच गोष्ट करावी लागते, आणि ते सांगताना मलाही फार वाईट वाटतं. मुलांनी दोन-दोन वर्षं तोंडातले फोड सोसलेले असतात, आईवडिलांनी हप्ते भरलेले असतात.

वर्षभरानंतर तरी सुटका का नाही? कारण वय वाढतं तसे खालचे पुढचे दात दाटी करू लागतात. ज्यांनी आयुष्यात कधी ब्रेसेस लावल्या नाहीत, त्यांचेही. घरातल्या पन्नाशीच्या कुणाचे खालचे दात नीट बघा, लक्षात येईल. याचं खापर सगळे अक्कलदाढेवर फोडतात, पण केवळ दाटी होऊ नये म्हणून अक्कलदाढ काढायला अभ्यासांचा आधार नाही. ती दुखत असेल, किडली असेल, हिरडी सुजत असेल तर गोष्ट वेगळी.

आता वापराबद्दल. पारदर्शक रिटेनर असेल तर आधी पुढच्या दातांवर बसवा, मग दोन्ही बाजूंच्या दाढांवर बोटांनी दाबा. चावून बसवायची सवय लागली की दाढेपाशी आधी पांढरी रेघ दिसते आणि मग तिथेच तो तडकतो. काढताना मागून, दोन्हीकडून थोडं थोडं. गीझरच्या गरम पाण्याखाली धरू नका, त्याचा आकार बिघडतो. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवला तरी तेच. टूथपेस्टने त्यावर ओरखडे पडतात, साधं पाणी, मऊ ब्रश आणि थोडा लिक्विड साबण पुरतो. तो लावून चहा नको, सरबत नको, फक्त पाणी.

सगळ्यात जास्त रिटेनर हरवतात ते जेवणाच्या टेबलावर. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मिसळ येते, रिटेनर काढून कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळला जातो, आणि ताट उचलणारा मुलगा नॅपकिनसकट घेऊन जातो. म्हणून डबी बॅगेत कायम हवी. रिटेनर एक तर तोंडात, नाही तर डबीत.

काहींना खालच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवलेली असते. रोज लावायची कटकट नाही, म्हणून लोक तिला विसरून जातात, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. तार एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत जाते, प्रत्येक दातावर एक चिकटवलेला ठिपका असतो. एकच ठिपका सुटला तर तार जागच्या जागी दिसते, दुखत काही नाही आणि तेवढा एक दात हळूहळू सरकतो. आठवड्यातून एकदा नखाने प्रत्येक ठिपक्यापाशी तार हलते का ते बघा. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच जवळ असल्यामुळे कीटणही तिथेच जास्त धरतं. फटीतला छोटा ब्रश किंवा तारेखालून जाणारा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) रोज वापरा आणि सहा महिन्यांनी स्वच्छता करून घ्या.

रिटेनर हरवला किंवा तुटला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच आठवड्यात नवा करा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल कॉलेज आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्स विभाग आहे. सकाळी लवकर जा, रांग असते. जुन्या रिटेनरचा तुकडा आणि ब्रेसेस निघाल्यावर घेतलेला दातांचा साचा किंवा स्कॅन मिळाला असेल, तर तो सोबत न्या.