सातबारा ब्लॉकचेनवर आणला तर जमिनीची फसवणूक थांबेल का? सरकारने तसा कायदा करावा का?

सगळी फसवणूक थांबणार नाही. एक प्रकार मात्र जवळजवळ अशक्य होईल आणि तेवढ्यासाठीही हा खटाटोप करावा असं माझं मत आहे. मी सायबर सुरक्षेत काम करतो आणि गावी वडिलोपार्जित जमीनही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या संगणकांवर एकसारखी ठेवलेली नोंदींची साखळी; तिच्यातली जुनी नोंद कोणा एकाला गुपचूप बदलता येत नाही.

जो प्रकार थांबेल तो म्हणजे मंजूर नोंदीत मागाहून गुपचूप केलेली खाडाखोड. सातबाऱ्याच्या फाइलवरून एसएचए-256 या गणिती पद्धतीने 64 अक्षरी हॅश, म्हणजे जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा, काढतात. क्षेत्र 1.20 हेक्टरचं 1.21 केलं, की हॅश पार बदलतो. मूळ हॅश अनेकांकडे असलेल्या साखळीत आधीच गेलेला असेल, तर सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही बदल लपवता येत नाही. जॉर्जिया देशाने जमिनीच्या दाखल्यांसाठी हेच केलं: दाखले सरकारी डेटाबेसमध्ये, हॅश बिटकॉइनच्या साखळीवर. आपल्याकडे गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर पडताळायची सोय झाली.

पण आपल्याकडचे खरे घोळ नोंदीच्या आधी होतात. खोटं कुलमुखत्यारपत्र, बहिणींना वगळून लावलेली वारसनोंद, मयताच्या जागी उभा केलेला तोतया. तलाठ्याने फेरफार धरला, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला, की ब्लॉकचेन ती खोटी नोंदही तितक्याच इमानाने जपणार. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 157 प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. मालकीची हमी सरकार देत नाही. हे साखळीने बदलत नाही.

दुसरी भीती किल्ल्यांची, म्हणजे डिजिटल सही करायला लागणाऱ्या गुप्त संकेतांची, आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते. रोनिन या ऑनलाइन गेमसाठीच्या ब्लॉकचेनचं मार्च 2022 मधलं प्रकरण बघा. व्यवहार मंजूर करायला 9 पैकी 5 सह्या लागत. त्यातल्या 4 किल्ल्या एकाच कंपनीकडे होत्या, आणि पाचवी सही मिळवण्याची तात्पुरती परवानगी काम संपल्यावरही कोणी काढून घेतली नव्हती. चोरांनी 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम नेली. चोरी 23 तारखेची, कळली 29 ला, तीही एका ग्राहकाला पैसे काढता येईनात म्हणून. गणित कुठेच मोडलं नाही, साखळीने खऱ्या किल्लीची सही खरी मानली. आता मंडळ अधिकाऱ्याचं डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं उपकरण, ज्यात सहीची किल्ली असते) कार्यालयातल्या संगणकाला दिवसभर लावलेलं असेल आणि पिन शेजारच्याला ठाऊक असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून कायदा करायचाच असेल तर तो सह्यांपासून सुरू व्हावा. टोकन कोणाचं, कधी वापरलं, बदली झाल्यावर कोणी रद्द केलं, याची जबाबदारी नावानिशी ठरली पाहिजे. साखळीचे सगळे नोड, म्हणजे तिची प्रत ठेवणारे संगणक, महसूल खात्याच्याच डेटा सेंटरमध्ये ठेवू नयेत, नाहीतर तो नुसता महागडा डेटाबेस होईल. एखादा नोड उच्च न्यायालयाकडे, एखादा बँकांकडे हवा. आधार क्रमांक किंवा नावं साखळीवर मुळीच नकोत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो आणि साखळीवरचं पुसता येत नाही. हॅश तेवढा ठेवावा.

कोर्टाने नोंद रद्द केली तर काय, असं बरेच जण विचारतात. त्याची अडचण नाही. फेरफार नोंदवहीत आजही जुनी नोंद खोडत नाहीत, नवा क्रमांक पडतो आणि सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो. साखळीतही तसंच करता येईल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’त गावाच्या फेरफार नोटिसा दिसतात. कलम 150 खाली हरकतीला साधारण 15 दिवस मिळतात. परगावी राहणाऱ्यांनी निदान पंधरवड्यातून एकदा तिथे आपला गट नंबर तपासावा, आणि अनोळखी फेरफार दिसला तर मुदतीत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.