वाचक विचारतात : घरातली प्रार्थना अन् ऑफिसातला प्रसाद

प्रश्न : ताई, आम्ही मानकापूरला राहतो, आजोबांपासून ख्रिस्ती आहोत. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या फ्लॅटमधे कॉटेज मीटिंग (घरगुती प्रार्थनासभा) असते, चर्चच्या मंडळीतले आठ-दहा जण येतात, दोन गाणी, बायबलचं वचन, चहा, बस. आता सोसायटीच्या ग्रुपवर "इथं कन्व्हर्जन चालते" असं सुरू झालंय, एकजण तर पोलिसात जातो म्हणे. ऑफिसात गणपतीचा प्रसाद घेतला नाही म्हणून एक मॅडम बोलणंच टाकून बसल्या, पाठीमागे "तांदळाच्या पिशवीवाले" म्हणतात, म्हणजे तांदळासाठी धर्म बदलला असा टोमणा. मिस्टर म्हणतात मीटिंग बंद कर, काहून कटकट. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, मीटिंग बंद करू नका. एकदा घाबरून बंद केली की लोक म्हणणार, बघा, काहीतरी होतंच. आपला धर्म मानायचा, पाळायचा, सांगायचा हक्क संविधानाच्या कलम 25 मधे आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता अन् आरोग्य सांभाळून. कायदेशीरपणे चाललेल्या प्रार्थनेत कोणी मुद्दाम गोंधळ घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 खाली तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण 1977 चा सुप्रीम कोर्टाचा निकालही माहीत असू द्या : धर्म सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. म्हणून कोणाला मदत केली, फी भरली, औषध आणून दिलं तर त्याच हाताने मीटिंगचं आमंत्रण देऊ नका, मन कितीही साफ असलं तरी.

आता थोडं कडू बोलते, राग मानू नका. आपल्याकडे प्रत्येक तक्रारीला छळ म्हणायची सवय लागलीय. गाड्या कोणाच्या पार्किंगमधे लागतात? ढोलक, स्पीकर किती वाजेपर्यंत? रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, अन् रात्री 10 नंतर स्पीकर बंदच, हे गणपतीला लागू तसंच आपल्यालाही. हे नीट असेल तर मग ताठ मानेने बोला.

प्रसादाचं म्हणाल तर बायबलमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीलाही हाच पेच होता. प्रेषित पौलाने त्यांना सांगितलं, समोर वाढलेलं विचारपूस न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. आपल्यातले काही घेतात, काही नाही, तुमची सद्सद्विवेकबुद्धी नाही म्हणत असेल तर नाही. मात्र नाही म्हणायची पण रीत असते, तोंड फिरवून हात मागे घेतला की समोरच्याला लागतंच. "मॅडम, माझ्या श्रद्धेत बसत नाही, पण तुमच्या घरी गणपती बसले त्याचा आनंद आहे" इतकं बोलायला काय जातं? डेकोरेशनला खुर्च्या उचलू लागा, त्यांच्या घरी आजारपण असेल तर विचारायला जा. तरीही नाही बोलल्या तर नाही बोलल्या, सगळ्यांना आपण आवडलोच पाहिजे असं थोडंच आहे.

अन् तांदळाचं ऐकून तर मला हसूच येतं. रेव्हरंड ना. वा. टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, रेल्वेत एका साहेबाने त्यांना नवा करार (बायबलचा दुसरा भाग) दिला, 1895 ला बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घरातला माणूस, नाव मिळवलेला कवी, त्यांना कोणी किती पोती दिली होती? उलट नातेवाइकांनी पाठ फिरवली, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. टोमणे मारणाऱ्यांच्या घरातलं कोणीतरी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात, मिशनऱ्यांनी काढलेल्या, शिकलेलं असेल, 1883 पासून सुरू आहे ते, विचारून बघा एकदा (मनातल्या मनात, भांडायला नाही).

सोसायटीसाठी एवढं करा. ग्रुपवर उत्तर द्यायचंच नाही, तिथं कोणाचंच समाधान होत नाही, स्क्रीनशॉट मात्र तारखेसह ठेवा. सेक्रेटरींना दोघं नवरा-बायको मिळून भेटा, वेळ, माणसं किती, आवाज किती ते सांगा, एखाद्या शुक्रवारी चहाला बोलवा, खुशाल येऊन बसा म्हणा. पाळकसाहेबांना (चर्चच्या पास्टरना) पहिल्याच भेटीत नेऊ नका, दहा जण घेऊन गेलात तर सेक्रेटरी बिथरतील. कोणी दारात येऊन धमकावलं तर मात्र वाद घालत उभं राहू नका, 112 लावा अन् दुसऱ्या दिवशी ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या.