मीटिंगच्या जिन्यावरून परत फिरताना

प्रश्न : माझे वय 44 आहे आणि गेली कित्येक वर्षे मी रोज पितो. दोनदा सोडून पाहिली, पण महिनाभरही निभावले नाही. एका परिचितांच्या सांगण्यावरून मी अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगचा पत्ता मिळवला. दोन वेळा तिथवर गेलोही, पण जिन्यात असताना वरून हसण्याचे आवाज ऐकू आले आणि तसाच माघारी आलो. आत कोणी ओळखीचे भेटले तर? उभे करून बोलायला लावले तर? शिवाय अजून पीत असताना तिथे बसण्याचा मला अधिकार तरी आहे का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण आपले पाऊल तिथेच अडले आहे असे मला वाटते. या संघटनेच्या सदस्यत्वाची अट एकच आहे, ती म्हणजे दारू थांबवण्याची इच्छा. दारू थांबलेली असली पाहिजे, असे कोणी म्हणत नाही. प्रवेश फी नसते. मीटिंगमध्ये ऐच्छिक वर्गणीसाठी डबा फिरतो, पण नव्या माणसाने तो नुसता पुढे सरकवला तरी चालते. बोलण्याची पाळी आली तर ‘मला आज फक्त ऐकायचे आहे’ एवढे म्हणणे पुरेसे असते. ओळखीचे कोणी भेटलेच, तर तेही बहुधा आपल्यासारख्याच कारणाने आलेले असतील. तिथे ऐकलेले बाहेर न बोलण्याचा संकेत सगळेच पाळतात, कारण प्रत्येकाचीच गोष्ट दुसऱ्याच्या हाती असते.

त्या हसण्याबद्दलही सांगायला हवे. मी अनेक खुल्या, म्हणजे कोणालाही बसता येईल अशा मीटिंगना बसलो आहे. लपवलेली बाटली नेमकी कुठे ठेवली ते स्वतःलाच आठवेना, म्हणून रात्री दोन वाजता कपाटातले सगळे कपडे उपसून वर घरच्यांवरच ओरडल्याची हकिकत कोणी सांगतो, तेव्हा अर्धी खोली हसते, कारण अर्ध्या खोलीने तेच केलेले असते. जे कोणालाच सांगता येणार नाही असे वर्षानुवर्षे वाटत आले, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मनावरचा दगड उतरतो, आणि त्या सुटकेचे ते हसू असते.

आपण जाऊन त्यांच्यावर ओझे टाकू, असाही एक भाव आपल्या पत्रात मला दिसला. संघटनेची सुरुवातच याचे उत्तर देते. 1935 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले असताना, व्यवसायातला एक व्यवहार फसल्यामुळे अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातील एका हॉटेलात एकटे पडले होते. समोर बार होता. त्यांनी बारऐवजी टेलिफोन गाठला आणि बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. 10 जून 1935 हा डॉ. बॉब यांच्या दारूचा शेवटचा दिवस मानला जातो, आणि संघटनेचा स्थापनादिनही तोच. बिल आपली स्वतःची दारू दूर राहावी म्हणून बोलायला गेले होते. आपण दारातून आत याल, तेव्हा जुन्या सदस्यांनाही आपला असाच उपयोग होईल.

मीटिंगची वेळ आणि जागा बदलत असते, म्हणून संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा हेल्पलाइनवरून ती आधी पडताळून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी फोन घेणारा स्वतः सदस्यच असतो. त्याला ‘मी पहिल्यांदाच येत आहे, कोणी खाली भेटेल का?’ असे निःसंकोच विचारा, म्हणजे जिना एकट्याने चढावा लागणार नाही. बंद मीटिंग फक्त दारूची समस्या असलेल्यांसाठी असते, तर खुल्या मीटिंगला कोणीही बसू शकते. ऑनलाइन मीटिंगही होतात. एक गट रुचला नाही तर दुसऱ्यात जा. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो, तेव्हा किमान चार-पाच मीटिंग झाल्याखेरीज मत बनवू नका. या मीटिंगमध्ये होणारा परमेश्वराचा उल्लेख खटकत असेल, तर स्मार्ट रिकव्हरीसारखे त्याविना चालणारे गटही आहेत.

मात्र एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या उत्साहात एकदम दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. थरथर, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट, आणि पुढे भ्रम होऊन माणूस बरळू लागणे, असे प्रकार घडतात. त्यामुळे आपण किती पिता हे डॉक्टरांना खरेखरे सांगून त्यांच्या देखरेखीखाली थांबवा. गट डॉक्टरांची जागा घेत नाही. तोपर्यंत मीटिंगला मात्र जरूर बसा.

प्रश्न : माझे पती मीटिंगला जायला तयार नाहीत. त्यांच्याऐवजी मी जाऊ का?

उत्तर : खुल्या मीटिंगला आपण अवश्य जाऊ शकता. पण आपल्यासाठी अल्-अनॉन ही मद्यपींच्या कुटुंबीयांची आणि मित्रांची वेगळी संघटना 1951 पासून आहे, आणि बिल यांच्या पत्नी लोइस तिच्या संस्थापकांपैकी एक होत्या. तिथे पतींची दारू कशी सोडवावी याच्या युक्त्या मिळणार नाहीत. रिकाम्या बाटल्या मोजत, दाराशी पावलांचा कानोसा घेत काढलेल्या रात्रींविषयी मात्र तिथे बोलता येईल, आणि त्यासाठी पती तयार होण्याची वाट पाहावी लागणार नाही.