रुंद टायर, पण रिम तीच?

प्रश्न : माझ्या स्पोर्ट्‌स कारला साडेसात इंच रुंद रिमवर २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिमचा व्यास १७ इंच) टायर आहेत. २४५/४० बसवले तर पकड वाढेल का?

उत्तर : या रिमवर नको. २४५/४० ला किमान ८ इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर टायरची बाजू फुगते, वळणावर डुलते आणि स्टिअरिंग सुस्त होतं. म्हणजे पैसे खर्चून गाडी बिघडवणं! टायरच्या व्यासाची अडचण नाही, तो जेमतेम साडेसहा मिलिमीटरने घटतो. आधी सध्याच्याच मापात चांगल्या मऊ रबराचे टायर घ्या, फरक तिथेच जाणवेल. रुंदीच हवी असेल तर २३५/४५ चालेल. मात्र स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक टायरला घासत नाही ना, ते हात घालून बघा.